जावयाला दिलेला पासवर्ड

आमच्या कॉलनीत कॅमेरे बसले ते चोरीमुळं, आणि चोरी जिथं झाली तिथं एकही कॅमेरा बसला नाही. हे वाक्य मी कॉलनीच्या बैठकीत तीनदा म्हणून पाहिलं आहे. पहिल्यांदा लोक हसले. दुसऱ्यांदा अध्यक्ष "सूचना चांगली आहे" म्हणाले. तिसऱ्यांदा कोणी ऐकलंच नाही, कारण तोवर सगळ्यांच्या माना मोबाईलमध्ये गेल्या होत्या आणि मोबाईलमध्ये आमचीच गल्ली चालू होती.

परभणीत वसमत रस्त्याच्या बाजूला आमची अडतीस घरांची कॉलनी आहे. देवळामागच्या मोकळ्या जागेत सामाईक बोअर आहे. गेल्या वर्षी पावसाळ्यात कोणीतरी त्या बोअरची केबल आणि स्टार्टर काढून नेला. उपाय म्हणून आठ कॅमेरे आले. एक मोठ्या फाटकावर, एक देवळाच्या दारात, आणि उरलेले सहा गल्ल्यांच्या तोंडाशी, घरांची दारं नीट दिसतील असे. बोअरकडं तोंड केलेला एकही नाही. मी कॅमेरे बसवणाऱ्याला विचारलं तर शिडीवरूनच म्हणाला, "सर, तिकडं काय हाय बघायला? तिकडं तर कोणी राहतच न्हाई."

त्याचं चुकलं नव्हतं. त्याला गिऱ्हाईक बरोबर कळलं होतं.

मी तालुक्याच्या कार्यालयात पावसाचे आकडे गोळा करतो. प्रत्येक मंडळातून आलेला पाऊस मिलिमीटरमध्ये लिहायचा, बेरीज जुळवायची आणि वर पाठवायची. जिथं पर्जन्यमापक नाही तिथला पाऊस धरायचा नाही, हा त्यातला पहिला नियम. आठ कॅमेरे आणि बोअरला शून्य, हे माझ्या डोक्यातून जात नाही ते त्यामुळं.

अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक आहेत. कॅमेऱ्यांच्या बैठकीत त्यांनी येणाऱ्या काळावर भाषण केलं. येणारा काळ डेटाचा आहे, डेटा जपला पाहिजे, परदेशात बसलेले हॅकर आपल्यावर टपलेले आहेत, वगैरे. हे सगळं त्यांना सकाळीच कोणीतरी मोबाईलवर पाठवलं होतं. मलाही तेच आलं होतं, म्हणून पुढचं वाक्य कोणतं येणार ते मला ठाऊक होतं. ठरलं असं की चित्रण फक्त अध्यक्ष आणि कोषाध्यक्ष या दोघांच्या मोबाईलवर दिसेल. त्यावर बैठक उसळली.

"का बरं? आमी वर्गणी दिली न्हाई का?"

"दोघंच बघणार अन् आमी काय टाळ्या वाजवायच्या?"

मग मागच्या रांगेतले एक गृहस्थ उठले. त्यांच्या घरासमोरच एक कॅमेरा येणार होता. ते म्हणाले, "माझ्या दारातलं तुमी बघणार का?" मी सावरून बसलो. वाटलं, निघाला एक शहाणा. पण त्यांचं वाक्य पुरं व्हायचं होतं. "मग तुमच्या दारातलं मला दिसाय पाहिजे!"

त्यावर टाळ्या पडल्या. आमच्याकडं खासगीपणाची समजूत एवढीच आहे. माझं झाकलेलं राहावं असं कोणाला वाटत नाही. दुसऱ्याचं झाकलेलं राहतंय, याचं मात्र दुःख होतं.

तर अडतीस घरांना एकच पासवर्ड मिळाला: कॉलनीचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन. तो सांगायचा कसा, हाही प्रश्न निघाला. आधी कोणाला सांगितलं, नंतर कोणाला, यावरून रुसवे होतील. म्हणून गणपतीच्या आरतीनंतर तो माईकवरून जाहीर झाला. अध्यक्षांनी दोनदा म्हणून दाखवला आणि "पहिलं अक्षर मोठं काढायचं बरं का" असं बजावलं. भोंगा रस्त्याच्या दिशेला होता. पलीकडं रसवंतीवर बसलेल्या माणसांनीही ऐकला असेल. परदेशातला हॅकर जे मिळवायला धडपडतो म्हणतात ते आम्ही प्रसादाबरोबर वाटलं.

त्यानंतर कॉलनीचा दिनक्रम बदलला. पूर्वी दुपारची जेवणं झाली की चार माणसं ओट्यावर बसून गल्ली बघायची. त्या बघण्याला निदान लाज होती. ज्याच्याकडं बघायलोत तोही आपल्याकडं बघायलाय, हे दोन्ही बाजूंना माहीत असायचं. आता ओटे रिकामे पडले. माणसं आत पंख्याखाली उताणी पडून तीच गल्ली बघू लागली. कोणाच्या दारात रंगाचे डबे उतरले, कोणाचा पाहुणा बॅग घेऊन आला, कोणाची सून माहेराहून कधी परतली. ग्रुपवर निरोप पडायचे. "चौदा नंबरला फ्रिज आला वाटतं." "पाहुणे मुक्कामाला का?" आणि बोअरचा नवा स्टार्टर दिवाळीनंतर पुन्हा चोरीला गेला, तो कोणालाच दिसला नाही.

तीन नंबरचा कॅमेरा माझ्या कुंपणाच्या कोपऱ्याला खांबावर आहे. त्यात माझं फाटक दिसतं, अंगणातली कपड्यांची दोरी दिसते आणि वरच्या खोलीला जाणारा जिना पुरा दिसतो. बायकोनं पहिल्याच आठवड्यात दोरी घरामागं नेली. तिथं ऊन येत नाही. कपडे कोंदट वास मारू लागले, पण तिनं दोरी परत आणली नाही.

जिन्याचं मात्र काही करता येत नव्हतं, आणि जिन्यावरून आमची भाडेकरू ये-जा करत होती.

ती दवाखान्यात नर्स आहे. माहेर चुडाव्याजवळच्या खेड्यातलं. तिला खोली दिली तेव्हाच अध्यक्षांनी मला देवळापाशी गाठून "कोणाची हाय पोरगी?" असं विचारलं होतं. मी तिच्या वडिलांचं नाव सांगितलं. त्यांना नाव नको होतं, नावामागची जात हवी होती. ती मी सांगितली नाही, म्हणून त्यांनी ती दुसरीकडून काढली. नर्सची ड्यूटी फिरती असते. कधी सकाळची, कधी दुपारची आणि महिन्यातला काही काळ रात्रीची. रात्रपाळी करून ती सकाळी घरी येते, म्हणजे आमच्या कॉलनीच्या हिशोबानं ती "रात्रभर बाहेर" असते. हा हिशोब लावायला अडतीस घरांत किमान वीस पदवीधर आहेत.

ग्रुपवर येऊ लागलं. "तीन नंबर कॅमेरा बघा." एवढंच. पुढं काही नाही. खाली हसरे चेहरे. यंदाच्या पहिल्या पावसात तिला कोणीतरी मोटारसायकलवर सोडलं, तर त्याचं चित्र थांबवून, मोठं करून टाकलं गेलं. बायकोनं ते पाहिलं आणि फोन माझ्या पुढ्यात आपटला.

"तुमी हिशोबाचे माणूस ना? मग लिहा की तिथं, ही बाई कोणाच्या पेशंटची लघवी काढून आली ते!"

मी लिहायला घेतलंही. पण ती स्वतःच खाली आली आणि म्हणाली, "काका, काही लिहू नका. एवढ्यात न्हाई."

कारण तिच्या लग्नाचं चाललं होतं. मुलगा परभणीतच शिक्षक, निर्व्यसनी, आणि त्यानं आधीच सांगितलेलं की बायकोची नोकरी चालू राहील. तिच्या वडिलांनी दोन वर्षं शोध घेतल्यावर असं स्थळ पहिल्यांदा आलं होतं. आलेल्या बाकीच्यांना नर्सचा पगार हवा होता आणि रात्रपाळी नको होती. "ग्रुपवर भांडण झालं तर ती गोष्ट बाहेर जाईल," ती म्हणाली. "बाहेर गेली की तिकडं जाईल. एवढं जमू द्या, मग भांडू." मी लिहिलेलं पुसून टाकलं.

बाहेर जाईल, अशी तिला भीती होती. ते केव्हाच बाहेर गेलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

त्याआधी, यंदा उन्हाळ्यात धोंड्याचा महिना आला होता. या महिन्यात जावयांना जेवायला बोलावून वाण द्यायचं असतं. तेहतीस अनारसे, चांदीचा दिवा, कपडे, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणं. महिनाभर कॉलनीत जावई उतरत होते. तीन नंबरच्या कॅमेऱ्यात त्यांच्या गाड्या दिसत आणि ग्रुपवर गाड्यांच्या किमतींची चर्चा होई. जेवण झालं की सासरेबुवा जावयाला मोबाईलवर कॉलनी दाखवायचे. जावई म्हणायचा, "भारी हाय हो." मग सासऱ्याला राहवायचं नाही. "घ्या ना, तुमच्या बी मोबाईलवर टाकून घ्या." जावयाला नाही म्हणायची पद्धत आमच्यात नाही. तेहतीस अनारशांत एखादा कमी पडला तर बायका कुजबुजतात; पासवर्डाचं तसं नाही, तो कितीही जणांना दिला तरी संपत नाही. कोषाध्यक्षांचं औषधाचं दुकान आहे, जावई सेलूचा. त्यांनी त्याला चांदीचा दिवा दिला, कपडे दिले आणि पासवर्ड दिला. दिवा कपाटात गेला असेल. पासवर्ड कामाला लागला.

मला संशय आला तो वेगळ्याच कारणानं. माझी मेहुणी पुण्याला असते. तिचा फोन आला आणि ती म्हणाली, "दाजी, तुमच्या फाटकाचा रंग उडालाय हो." मी विचारलं, तुला कसं कळलं? तर तिच्या शेजारणीचा नवरा आमच्या कॉलनीतल्या कोणाचा तरी जावई होता.

मी कॅमेरेवाल्याच्या दुकानात गेलो. म्हटलं, एकूण किती मोबाईलवर हे दिसतं, तेवढा आकडा काढून दे. त्यानं काचेच्या टेबलावर लॅपटॉप उघडला, चहा सांगितला आणि आकडा काढला. एकशे बारा.

"घरं अडतीस आहेत," मी म्हणालो.

"हो ना सर. लय चाललंय तुमचं. दुसऱ्या कॉलनीत लोक बसवतेत अन् बघतच न्हाईत."

यादीत मोबाईलची नावं होती, माणसांची नव्हती. कोणता कोणाचा, ते त्याला सांगता येईना. एक फोन मस्कतमधून बघत होता. मी म्हणालो, हे काढून टाक. तो म्हणाला, पासवर्ड बदलला की सगळेच निघतील. पण अध्यक्षांनी सांगितल्याशिवाय बदलता येत नाही, सुरक्षेचा प्रश्न आहे. हे तो गंभीरपणे म्हणाला. मग त्यानं मला पुढचं मॉडेल दाखवलं. ते चेहरा ओळखतं. "पुढं सगळं असंच येणार, सर. माणसानं बघायचीच गरज न्हाई."

अध्यक्षांकडं गेलो, आकडा सांगितला. ते म्हणाले, "बदलायला हरकत नाही. पण मग नवीन सगळ्यांना सांगायचा कसा? गणपतीला अजून अवकाश आहे."

मी चपला घातल्या आणि घरी आलो.

मुलगी बघण्याचा कार्यक्रम आमच्याच घरी ठरला. मुलाकडच्यांनी सांगितलं, मुलगी राहते तिथंच बघू, खेड्यापर्यंत जायला नको. तिचे वडील सकाळच्या गाडीनं आले, "जय भीम" म्हणून आत आले आणि खुर्चीच्या कडेवर टेकले. इस्त्रीचा शर्ट, हातात रुमाल, तो सारखा घडी करत होते. बायकोनं पोहे केले. मुलगा आला, बरोबर त्याचे आईवडील आणि सेलूचे मामा. बोलणारे मामाच. कचेरीतून निवृत्त झालेले, गळ्यात चष्म्याची दोरी. मुलगा खाली बघून बसला. दिसायला बरा, आवाज मऊ. मला तो आवडला होता, हेही सांगून टाकतो.

ती पोह्यांच्या बशा घेऊन आली, बसली. शिक्षण, नोकरी, भाऊ-बहीण हे ठरलेले प्रश्न झाले. तिच्या वडिलांनी सुरुवात केली, "पोरीची ड्यूटी रात्रीची बी असती, ते आधीच सांगतो, म्हणजे नंतर—"

मामांनी हात वर केला. "दादा, तुमी काही सांगूच नका. पोरगी आमच्या पाहण्यातली हाय."

"म्हणजे? दवाखान्यात आला होतात का?" वडिलांनी विचारलं.

"न्हाई, न्हाई. दीड महिना झाला, रोज पाहायलोत." मामा खुशीत होते. त्यांनी खिशातून मोबाईल काढला. "आमच्या शेजाऱ्याची सासुरवाडी तुमच्या ह्या कॉलनीत हाय. त्याच्या मोबाईलवर सगळं दिसतंय. आधी त्याच्याकडं जाऊन बघायचो, मग म्हणलं रोज काय त्रास द्यायचा, माझ्यावरच टाकून घेतलं. हे बघा, हा जिना. हे तुमचं फाटक, सर. रंग द्या त्याला."

सगळ्यांचे डोळे त्या मोबाईलवर गेले. मामांना ते कौतुकच वाटलं.

"पोरीचं येणं-जाणं एकदम सरळ. ड्यूटीवरून आली की घरात. कोणाशी बोलणं न्हाई, थांबणं न्हाई. एक दिवस फक्त मोटारसायकलवर आली, पावसाचं. तेव्हा जरा शंका आली, खोटं कशाला बोलू? नंबर घेतला, चौकशी केली. दवाखान्यातलाच निघाला, लेकराबाळाचा माणूस. मग आमी म्हणलं, पक्कं! आजकाल एवढी खात्री कोण करून देतंय?"

त्यांनी पोह्यांचा घास घेतला. हा माणूस आपण चूक करतोय हे लपवत नव्हता. त्याला ती चूक वाटतच नव्हती. स्थळाची चौकशी पूर्वीपासून होते. शेजारी विचारतात, दुकानदाराला विचारतात. त्या चौकशीत विचारणाऱ्याला निदान तोंड दाखवावं लागायचं. या गृहस्थानं दीड महिना सेलूत पलंगावर पडून एका मुलीचा जिना पाहिला होता आणि आता तो तिच्यापुढं त्याचं प्रमाणपत्र वाचत होता.

ती मामांकडं बघत नव्हती. मुलाकडं बघत होती. "तुमी बी पाहिलं का?"

मुलगा चाचरला. "मी... दोन-तीनदाच. मामा दाखवायचे म्हणून."

"काय दिसलं?"

"काही न्हाई. तुमी येत होता. पिशवी होती हातात."

तिनं मान डोलावली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मग मला बी दाखवा की. दीड महिना मी बघते तुमचं येणं-जाणं. मग सांगते."

मामा मोठ्यानं हसले. "पोराचं कुठं बघतेत माय!"

"का? तुमच्या गल्लीत कॅमेरा न्हाई का?"

"अगं, तसं न्हाई—"

"का नोकरी तुमच्या भाच्याला न्हाई? त्यांना कोणी मोटारसायकलवर सोडत न्हाई? सोडलं तर नंबर मी घेते."

तिच्या वडिलांनी "बाई, बाई" असं केलं. ती उठली, सगळ्यांच्या बशा गोळा केल्या, मामांची अर्धी भरलेली बशीसुद्धा, आणि आत गेली. आतून नळाचा आवाज आला.

पाहुणे गेल्यावर तिचे वडील माझ्याशी बोलले, तिच्याशी नाही. "सर, तुमीच सांगा. एवढ्यावरून न्हाई म्हणतेत का? पोरगा चांगला हाय. त्यांनी बघितलं अन् पसंत केलं, वाईट तर काही म्हणले न्हाईत?" त्यांचा तो रुमाल आता घामानं चुरगळला होता. त्यांचा राग यावा असं त्यांच्यात काही नव्हतं. ती दारात उभी होती. म्हणाली, "बाबा, वाईट दिसलं असतं तर सांगायला तरी आले असते का? आपल्याला कळलं बी नसतं, दीड महिना कोण बघायलंय ते." मग म्हणाली, "त्यानं स्वतः काही केलं तर मी ऐकते. मामाचं न्हाई."

म्हणजे दार तिनं पुरतं लावलं नव्हतं. मुलाला तिनं वेळ दिला होता. आठवडाभर आम्ही तिघंही वाट बघत होतो. मी, बायको आणि ती. बायको म्हणायची, येईल पोरगा, माफी मागेल, पोरगा बरा आहे.

आठवड्यानं त्याचा फोन आला. तिला नाही, मला. तिचा नंबर मागणं बरं दिसत नाही, म्हणाला. एवढं ऐकून मला हायसं वाटलं. मग तो म्हणाला, "काका, मी घरी बोललो. आमी दारात कॅमेरा बसवायला तयार हाओत. पासवर्ड त्यांना देतो. कंपनी कोणती पाहिजे, एवढं विचारून सांगता का?"

मी फोन ठेवला आणि वर जाऊन तिला जसंच्या तसं सांगितलं. ती जिन्याच्या पायरीवर बसून हसू लागली. ते हसणं कॅमेऱ्यात नक्की गेलं असेल, सेलूपर्यंत, मस्कतपर्यंत. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "त्यांना सांगा, न्हाई. अन् बाबांना मी सांगते." आणि खोलीचं दार लावून घेतलं. त्या दिवशी ती जेवायला खाली आली नाही.

कॉलनीला बातमी लगेच कळली, अर्थात उलटी. मुलाकडच्यांनी नाकारली, कॅमेऱ्यात काहीतरी सापडलं म्हणून, असं ठरलं. कॅमेऱ्यात काही सापडलं नव्हतं हे एकशे बारा जणांनी स्वतः पाहिलं होतं. तरी सापडलंच असेल यावर सगळ्यांचं एकमत झालं. माझ्या कार्यालयात मोजून आलेला आकडा नको असला की लोक अंदाजाचा वापरतात. इथंही तसंच. सगळं दिसत असून यांनी अंदाजच घेतला.

कोषाध्यक्षांना मी सांगितलं की तुमच्या जावयामुळं एका मुलीचं लग्न मोडलं. ते दुकानात गोळ्यांची पट्टी कापत होते. "आता जावयाला पासवर्ड परत मागायचा का?" एवढंच म्हणाले, आणि माझ्याकडं असं बघितलं की जणू मी चांदीचा दिवा परत मागायला निघालो होतो.

या गणपतीत पुढचं मॉडेल आलं. चेहरा ओळखणारं. अध्यक्षांनी पुन्हा येणाऱ्या काळावर भाषण केलं. प्रत्येक घरातल्या प्रत्येक माणसाचा चेहरा नोंदवायचा, नोंद नसलेला कोणी दिसला की सगळ्यांचे मोबाईल वाजतील आणि मोबाईलमधली बाई मराठीत सांगेल, "अनोळखी व्यक्ती." मंडपात रांग लागली. माणसं केस विंचरून आली. म्हाताऱ्यांना खुर्चीवर बसवून आणलं. पैसे दिलेल्या गोष्टीत आपण राहून जाऊ नये, एवढीच सगळ्यांना घाई.

मी आणि बायकोनं चेहरा दिला, कारण मालमत्तेच्या नोंदीत आमची नावं आहेत आणि ठराव बहुमतानं झाला होता. आमच्या भाडेकरूनं दिला नाही. अध्यक्ष घरी आले. म्हणाले, नोंद नसलेली व्यक्ती कॉलनीत राहणं सुरक्षिततेच्या दृष्टीनं योग्य नाही, भाडेकरूबद्दल विचार करावा. मी ठरावाची प्रत आणून पुढं ठेवली. त्यात "सभासदांनी" असं लिहिलं होतं. ती सभासद नाही, भाडेकरू आहे. तिला लागू करायचं तर नवा ठराव पाहिजे, त्याला बैठक पाहिजे, बैठकीला गणपूर्ती पाहिजे. गणपूर्ती आमच्याकडं फक्त महाप्रसादाला होते. ते उठून गेले.

आणि मग ते यंत्र त्याला सांगितलेलं काम करू लागलं. ती सकाळी रात्रपाळी करून आली, फाटक उघडलं, आणि कॉलनीभर मोबाईल वाजले. "अनोळखी व्यक्ती." ज्यांना उशिरापर्यंत झोपायची सवय ते दचकून उठले. ती जिना चढली, पुन्हा वाजले. दूध आणायला उतरली, वाजले. दूध घेऊन आली, वाजले. पुण्यात वाजले असतील, सेलूत वाजले असतील. मामा अजून बघत असतील तर त्यांचाही वाजला असेल. दोन दिवसांत ग्रुपवर तिच्याबद्दल पुन्हा निरोप येऊ लागले, पण वेगळे. "कोणीतरी मॅडमचा फोटो टाका रे, झोप होत न्हाई." फोटो तर त्यांच्याकडं ढिगानं होते, वर्षभराचे. पण कॅमेरेवाला म्हणाला, तसे चालत नाहीत. माणसानं स्वतः समोर उभं राहून, डोळे उघडे ठेवून द्यावा लागतो.

अध्यक्ष पुन्हा आले, या वेळी तिच्याकडं. खालून मी ऐकत होतो. "बेटा, एक मिनिटाचं काम आहे. आम्हा सगळ्यांना त्रास होतोय."

"सर, तुमी मला वर्षभर बघायलात ना? मग ओळखत न्हाई का?"

"यंत्र ओळखत नाही, बेटा."

"मग यंत्राला तुमीच सांगा, कोणाची हाय पोरगी."

ते जिना उतरले तेव्हा प्रत्येक पायरी नीट बघून उतरत होते. यंत्रानं त्यांना ओळखलं, म्हणून काही वाजलं नाही.

आवाज बंद करायची सोय त्या ॲपमध्ये असणारच. कोणाला ती सापडली नाही. त्यांनी सोपा मार्ग धरला, ॲपच काढून टाकलं. आधी जावयांनी, मग म्हाताऱ्यांनी, मग ज्यांच्या घरात तान्हं मूल आहे त्यांनी. मी अधूनमधून कॅमेरेवाल्याकडं जाऊन आकडा घेतो. तो आता चहा सांगत नाही. एकशे बाराचे सत्तर झाले, सत्तरचे एकेचाळीस. तो फार दुःखी आहे. आपली इतकी चांगली चाललेली कॉलनी हातची गेली, असं त्याला वाटतं.

काल सकाळी ती ड्यूटीवरून आली तेव्हा मी फाटकाला रंग देत होतो. समोरच्या घरात एकच मोबाईल वाजला. पूर्वी गल्लीभर वाजायचे. तिनं कान दिला, मग माझ्याकडं वळली.

"किती राहिले, काका?"

"एकोणीस."

तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. "मग पुढच्या महिन्यात बी रात्रपाळीच मागून घेते," ती म्हणाली, आणि ओल्या रंगाला हात न लावता, कडेकडेनं आत शिरून जिना चढली.